प्रमाणपत्राची तयारी आणि वर्गाची तयारी

(वसई तालुक्यातील प्राथमिक शिक्षक व अध्यापक-विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज या सभेत दोन प्रकारचे श्रोते शेजारी शेजारी बसले आहेत. एक आहेत ते बारावी उत्तीर्ण होऊन अध्यापक विद्यालयात दोन वर्षांची पदविका घेत असलेले तरुण-तरुणी. त्यांस अजून स्वतःचा असा वर्ग मिळावयाचा आहे. दुसरे आहेत ते पंधरा-वीस वर्षे खडू हाती धरून असलेले शिक्षक. त्यांनी शिकविलेली मुले आता स्वतःच्या मुलांना बोटाला धरून त्याच शाळेत आणू लागली आहेत. या दोहोंपुढे आज एकच परीक्षा उभी आहे. तरुणांस ती नोकरीच्या दाराशी भेटते आणि अनुभवी शिक्षकांस ती अर्ध्या वाटेवर येऊन भेटली आहे. म्हणून ‘प्रमाणित शिक्षक होण्याची तयारी’ हा विषय केवळ नवोदितांचा उरलेला नाही. तो आपणां सर्वांचा झाला आहे.

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेऊ, कारण ऐकीव गोष्टींनी शिक्षकवर्गात भीती फार पसरते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्यान्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी शिक्षकाची किमान पात्रता ठरविली आणि तीत पदविकेबरोबरच शिक्षक पात्रता परीक्षेचा समावेश केला. महाराष्ट्रात ही परीक्षा प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पुढे ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्राथमिक वर्गांस शिकविण्यासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही, त्या वर्गांसाठीची स्वतंत्र पदविकाच हवी. लहान मुलास शिकविणे हे मोठ्या मुलास शिकविण्याचे सोपे रूप नसून ते एक वेगळे शास्त्र आहे, ही गोष्ट यातून अधोरेखित झाली. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने मी तो निर्णय मानाचा समजतो.

यानंतर १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले की, कायदा येण्यापूर्वी नेमणूक झालेल्या शिक्षकांसही ही परीक्षा बंधनकारक आहे. ज्यांच्या निवृत्तीस ५ वर्षांहून अधिक काळ आहे त्यांनी ती २ वर्षांत उत्तीर्ण व्हावी. ज्यांचा काळ त्याहून कमी उरला आहे त्यांस सेवा पूर्ण करता येईल, परंतु परीक्षेवाचून पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. हा निकाल ऐकून अनेकांच्या मनात खेद उत्पन्न झाला आणि तो समजण्यासारखा आहे. ज्या शिक्षकाने भातलावणीच्या दिवसांत घरोघर फिरून पट टिकविला, ज्याने निवडणुकीचे, जनगणनेचे, पोषण आहाराचे आणि नाना प्रकारच्या नोंदींचे काम सांभाळून वर्ग चालविला, त्याला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ‘आपण पात्र आहात काय?’ असे विचारले की त्याचे मन दुखावणारच. या प्रश्नाची दाद संघटनांनी योग्य त्या मार्गाने मागावी आणि शासनाचे जे अधिकृत परिपत्रक येईल तेच प्रत्येकाने प्रमाण मानावे. परंतु दाद मागणे आणि तयारी करणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आजचा माझा विषय तयारीचा आहे.

तयारीविषयी मला एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्याच एका गोष्टीच्या पुष्ट्यर्थ आहे. ती अशी, की प्रमाणपत्राची तयारी एक आणि वर्गाची तयारी दुसरी, असा भेद करून आपण बसलो तर दोन्ही बिघडतात. बाजारातील मार्गदर्शिका रात्री पाठ करावयाची आणि सकाळी वर्गात ती विसरून जुन्याच रीतीने शिकवावयाचे, हा मार्ग लांबचा आहे आणि फुकट श्रमाचाही आहे. परीक्षेत जे विचारले जाते त्यातील बहुतेक भाग आपल्यापुढे रोज पाटीपुस्तक घेऊन बसलेला असतो. त्याकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

नोकरी करीत, शिकवीत, परीक्षा देत राहिलेल्या शिक्षकाचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावे लागत नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील बोर्डी व कोसबाड येथे आहे. अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० चा. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य माजघरात संपावयाचे. परंतु अनुताईंनी १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली आणि १९२९ साली पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिकेची पदविका पहिल्या क्रमांकाने मिळविली. त्या काळच्या भाषेत त्या ‘ट्रेंड’ शिक्षिका झाल्या. नाशिक जिल्ह्यातील चांदोरी या गावी आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत शिकवीत असतानाच, १९३७ साली त्या रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. १९४५ साली त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीस आल्या. तेथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अहोरात्र राबत असताना त्यांनी १९६१ साली बी.ए.ची पदवी मिळविली. तेव्हा त्यांचे वय ५१ वर्षांचे होते. ज्या बाईंकडून इतर लोक शिकावयास येत होते, त्या बाई स्वतः परीक्षेच्या बाकावर बसत होत्या आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ताराबाई व अनुताई यांच्याजवळ शास्त्र होते. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांना अवगत होती. पण त्या पद्धतीची साधने महाग होती आणि कोसबाडच्या वारली मुलाच्या घरी पोटभर अन्नाचीही शाश्वती नव्हती. तेव्हा त्यांनी शास्त्र ठेवले आणि साधने बदलली. बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या यांवर मुले मोजू लागली, वर्गीकरण करू लागली. मूल बालवाडीत येत नाही असे दिसले तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडी जन्मास आली. मोठी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेस येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात गेली व तिला कुरणशाळा म्हणू लागले. ही त्यांची खरी पात्रता होती. पुस्तकातले तत्त्व त्यांना ठाऊक होते म्हणूनच साधन बदलूनही तत्त्व हातचे सुटले नाही. ज्यास तत्त्वच माहीत नाही तो शिंपले मांडून बसेल, पण शिंपल्यांवरून मुलाला काय शिकवावयाचे हे त्यास सांगता येणार नाही. अनुभवी शिक्षकास शास्त्राचा अभ्यास कशास हवा, या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते.

आता परीक्षेकडे वळू. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी पहिला पेपर आणि सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी दुसरा पेपर असतो. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण व १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण होण्यास शेकडा ६० म्हणजे ९० गुण लागतात, आणि सवलतीच्या प्रवर्गांस शेकडा ५५. पहिल्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच विभागांस प्रत्येकी ३० गुण आहेत. एकदा मिळविलेले हे प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांपुरते असे, ते २०२१ सालापासून आजीव करण्यात आले आहे. या पाच विभागांची तयारी आपल्याच वर्गात कशी करता येईल हे एकेक करून पाहू.

बालविकासापासून आरंभ करू, कारण या विभागास बहुतेक जण घाबरतात. पियाजे, व्हिगॉट्स्की ही नावे परकी वाटतात. योगायोगाने या दोघांचाही जन्म १८९६ सालचा आहे. पियाजे यांनी दाखवून दिले की लहान मूल हे कमी माहिती असलेले मोठे माणूस नव्हे, त्याची विचार करण्याची रीतच निराळी असते. याची परीक्षा आपण उद्या सकाळी घ्या. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. पहिलीतल्या मुलास ते सारखे आहे असे कबूल करू द्या. मग त्याच्या देखत एका पेल्यातील पाणी उंच व अरुंद भांड्यात ओता आणि विचारा, ‘आता जास्त पाणी कशात?’ पहिलीतील पुष्कळ मुले उंच भांड्याकडे बोट दाखवितील. चौथीतील मुले बहुधा हसून म्हणतील, ‘गुरुजी, तेवढेच आहे.’ दोन्ही उत्तरे वहीत टिपून ठेवा. परीक्षेत या विषयावर प्रश्न आला तर आपणांस व्याख्या आठवावी लागणार नाही, त्या मुलाचा चेहराच आठवेल. शिवाय पहिलीच्या मुलास लिटर-मिलिलिटर घाईने का शिकवू नये हेही आपणांस कळून चुकेल.

व्हिगॉट्स्की यांचे म्हणणे असे की मूल एकटे जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, या दोहोंमधील पट्ट्यात खरे शिकणे घडते. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक हे तत्त्व नाव न घेता रोज वापरतो. तिसरीची मुलगी पहिलीच्या मुलास जोडाक्षर समजावून सांगते, ते याच पट्ट्यातील काम होय. आता त्या कामास शास्त्रातील नाव जोडावयाचे, एवढेच बाकी आहे. अनुभवी शिक्षकाचा निम्मा अभ्यास असा आधीच झालेला असतो.

दुसरा विभाग भाषेचा. वसई तालुक्यातील एकेक वर्ग म्हणजे भाषांचे संमेलन असते. पश्चिम पट्ट्यात वाडवळी, सामवेदी म्हणजे कादोडी, कोळी या बोली आहेत. पूर्वेकडे भाताणे, पारोळ, उसगाव या भागांत वारली, मल्हार कोळी, कातकरी घरांतील बोली आहेत. नालासोपारा व विरार येथील वर्गांत हिंदी, भोजपुरी, गुजराती बोलणाऱ्या घरांतील मुलेही असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम बालकाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. हे कलम परीक्षेत विचारतात म्हणून आपण पाठ करतो. पण वर्गात मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचते तेव्हा आपण काय करतो? त्यास तेथेच अडवून तीनदा म्हणावयास लावतो आणि पुढील वाक्याचा अर्थ त्याच्या हातून निसटतो. वस्तुतः त्याने शब्द बरोबर वाचलेला आहे, अर्थ जाणलेला आहे, फक्त उच्चार घरचा आहे. मूल ‘पाणी’ ऐवजी ‘पान’ वाचील, तर मात्र ते वाचन चुकले. या दोन चुकांमधील भेद ओळखणे हेच भाषा-अध्यापनाचे मर्म होय, आणि परीक्षेतील प्रश्नांचा रोखही पुष्कळदा याच भेदाकडे असतो. यासाठी एक वही करा. तीत आपल्या वर्गातील मुलांच्या घरचे शंभर शब्द आणि त्यांचे प्रमाण मराठी प्रतिशब्द लिहा. ते शब्द मुलांकडूनच विचारून घ्या. मुलाला प्रथमच असे वाटेल की आपणही गुरुजींस काही शिकवू शकतो, आणि शाळेत न बोलणारे मूल त्या दिवशी बोलू लागेल.

तिसरा विभाग गणिताचा. येथे मुलांच्या चुका या आपल्या सर्वांत चांगल्या शिक्षक आहेत. ५२ वजा ३८ याचे उत्तर एखादे मूल २६ असे काढते. आपण फुली मारतो आणि पुढे जातो. पण थोडे थांबून पाहिले तर दिसते, की मुलाने ८ मधून २ वजा केले आणि ५ मधून ३. ‘मोठ्यातून लहान काढावयाचे’ हा नियम त्याने इमानाने पाळला आहे. त्यास वजाबाकी येत नाही असे नसून दशक सुट्टा करता येत नाही, म्हणजे स्थानिक किमतीची कल्पना कच्ची आहे. औषध तेथे द्यावयास हवे. दहा दहा काड्यांच्या जुड्या करून त्यातील एक जुडी सोडावयास लावा. पन्नास उदाहरणे पुन्हा घातल्याने हे दुखणे बरे होणार नाही.

आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. ‘एकोणतीस’ मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ते ३९ लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोडपद्धती आली तेव्हा राज्यात मोठा वाद झाला. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. वादाची कोणतीही बाजू आपण घ्या, परंतु तो वाद मुलाच्या कोणत्या अडचणीतून निघाला हे शिक्षकास सांगता आले पाहिजे. जो शिक्षक चुकीचे कारण सांगू शकतो, तो परीक्षेतील अध्यापनशास्त्राच्या प्रश्नावर अडखळत नाही.

दुसरी भाषा बहुतेकांची इंग्रजी असते आणि तेथे अनेकांचा धीर सुटतो. यावर उपाय लहान पण रोजचा हवा. पहिली ते पाचवीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके क्रमाने, मोठ्याने, मुलांबरोबर वाचा. रोज दहा नवे शब्द वहीत घ्या. सहा महिन्यांत ही पाचही पुस्तके दोनदा वाचून होतात. स्वतःस इंग्रजी शिकताना जी अडचण आली ती टिपून ठेवा, कारण आपल्या वर्गातील मुलाची अडचण तीच आहे. शिकणाऱ्याच्या जागी बसण्याची ही संधी अनुभवी शिक्षकास क्वचितच मिळते.

पाचवा विभाग परिसर अभ्यासाचा. या बाबतीत वसईचा शिक्षक फार श्रीमंत आहे. सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच उजेडात आला. वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या सेनेने १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून घेतला. अर्नाळ्यास समुद्रातील किल्ला आहे, वैतरणा नदी आहे, तुंगारेश्वरचे अरण्य आहे, खाडीकाठी मिठागरे आहेत. पण मला विशेषतः सांगावयाचे आहे ते बावखलाविषयी. वाडीतील झाडांस पाणी देण्यासाठी वसईच्या पूर्वजांनी खणलेली ही तळी पावसाचे पाणी धरून ठेवीत आणि विहिरीच्या गोड्या पाण्यास आधार देत. जेथे ती बुजली, तेथे भूजलास मिळणारा तो आधार गेला, आणि समुद्राजवळच्या भूमीत गोड्या पाण्याचा दाब घटला की खारे पाणी आत सरकते. मुलांस घेऊन जवळच्या एखाद्या बावखलापाशी जा, पाण्याची पातळी पौषात व वैशाखात मोजा, आजोबांस विचारून पूर्वी गावात किती बावखले होती ते लिहून काढा. जलचक्र, भूजल, प्रदूषण, स्थानिक इतिहास आणि मोजमाप हे पाच घटक एकाच फेरीत होतात. मुलांचे शिक्षण होते आणि आपला अभ्यासही होतो.

या सगळ्या विभागांपलीकडे असा एक विषय आहे की ज्याचा स्वतंत्र पेपर नाही. तो म्हणजे वर्गात नसलेल्या मुलांचा. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्याबरोबर आपल्या हजेरीपटावरील नावेही जातात. याच तालुक्यातील उसगाव येथे काम करणाऱ्या विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. कुरणशाळेची परंपराच ही. आज स्थलांतर करणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक देण्याची सोय आहे. ते पत्रक भरून देणे हे लेखनिकाचे काम आहे असे समजू नका. मूल कोठवर वाचू शकते, कोणती क्रिया त्यास येते, कोठे अडते, हे त्यात नेमके लिहिले तर पुढच्या शिक्षकास त्या मुलास जेथे सोडले तेथून हाती धरता येते. मूल्यमापन या प्रकरणातील सर्व सिद्धान्त या एका कागदावर तपासून पाहता येतात.

आता प्रत्यक्ष अभ्यासाची रीत सांगतो. रोज पाऊण तास पुरे, पण तो रोज हवा. आठवड्यातील पाच दिवस पाच विभागांस द्यावे. सहाव्या दिवशी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘का चुकले’ हे एका ओळीत लिहावे. वाचनाची चूक, माहितीची उणीव आणि घाई ही तीन कारणे वेगळी काढावीत, कारण तिघांचा उपाय निराळा आहे. पाठटाचण लिहिताना ‘आजचा पाठ बालविकासाच्या कोणत्या तत्त्वावर उभा आहे’ अशी एक ओळ शेवटी जोडावी. वर्षाअखेर दोनशे ओळी होतील आणि तीच आपली मार्गदर्शिका. दर पंधरवड्यास एका केंद्रातील आठ-दहा जणांनी एकत्र बसावे. तरुणांजवळ संज्ञा ताज्या असतात, वडीलधाऱ्यांजवळ मुलांचे दाखले असतात. तरुणांनी तत्त्व सांगावे, वडीलधाऱ्यांनी त्याचा दाखला द्यावा. दोघांचीही तयारी होईल आणि पिढ्यांमधील अंतरही कमी होईल.

तरुण मित्रांस आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पात्रता परीक्षा म्हणजे नेमणूक नव्हे. तीनंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते. ती २०० गुणांची असून तिच्या गुणांवर भरतीतील क्रम ठरतो. म्हणून पात्रता मिळूनही वाट पाहावी लागते, हे मनाशी धरूनच या वाटेस लागावे. त्या प्रतीक्षेच्या काळात एखाद्या पाड्यावर सायंकाळी मुलांचा अभ्यास घ्यावा, म्हणजे शिकलेले गंजत नाही. दुसरी गोष्ट कटू आहे. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेत मोठा गैरप्रकार उघडकीस आला आणि २०२२ साली ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे देऊन गुण वाढवून घेतलेला मनुष्य वर्गात उभा राहून मुलास ‘पाहून लिहू नको’ असे कोणत्या तोंडाने सांगणार? प्रमाणपत्र हे एका अर्थी वचन आहे. आपले मूल कोणाच्या हाती जात आहे याची चौकशी करण्याचे ज्ञान पाड्यावरील मातेस नसते, म्हणून तिच्या वतीने राज्य ती चौकशी करते व कागदावर तसे लिहून देते. तो कागद खोटा असेल तर फसवणूक त्या मातेची होते.

तरीही परीक्षेस सर्व काही मोजता येत नाही हे मान्य केले पाहिजे. ओल्या अंगाने आलेल्या मुलास आधी कोरडे करावे आणि मग पाढे विचारावे, हे शहाणपण चार पर्यायांच्या प्रश्नात मावत नाही. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले हे खरे, पण अंगावर शेण-दगड झेलीत शाळेत जाण्याचे धैर्य त्यांना कोणत्या प्रशिक्षणाने दिले नव्हते. प्रमाणपत्र ही किमान मर्यादा आहे. तिच्या खाली कोणी असू नये, एवढाच तिचा अर्थ. तिच्या वर किती चढावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी व्हावी असे उद्दिष्ट सांगितले आहे. म्हणजे ही मर्यादा पुढेही वर सरकत राहील आणि शिकण्याचे काम आपल्यामागे नेहमीच राहील.

शेवटी माझी एकच विनंती आहे. येथून गेल्यावर नवीन मार्गदर्शिका विकत घेण्यापूर्वी एक कोरी वही घ्या. तिच्या पहिल्या पानावर आपल्या वर्गातील अशा तीन मुलांची नावे लिहा, की जी मागे पडली आहेत आणि ती का मागे पडली याचे कारण आपणांस अद्याप कळलेले नाही. पुढील सहा महिने ते कारण शोधण्यासाठी वाचा, विचारा, प्रयोग करा आणि लिहून ठेवा. त्या तीन मुलांचा अभ्यास मनापासून केलेला शिक्षक १५० प्रश्नांपुढे बसताना डगमगणार नाही. आणि निकाल काहीही लागो, ती तीन मुले मात्र पुढे सरकलेली असतील.